सातवा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती एकवीस वर्षं फाटकी पुस्तकं दुरुस्त करत होती. सगळे तिला बाइंडरबाई म्हणायचे. पुढच्या दालनात ती फारशी जात नसे, कारण वाचक पुस्तकांचे काय हाल करतात ते डोळ्यांनी बघवत नसे. पान दुमडणारे, थुंकी लावून उलटणारे, चहाचा कप पुस्तकावर ठेवणारे, आवडलेला मजकूर सरळ फाडून घरी नेणारे, अशा सगळ्यांची करणी शेवटी तिच्याच टेबलावर येऊन पडायची. "वाचन केलं की माणूस सुधारतो म्हणतात," ती ग्रंथपालांना विचारी, "मग ही पुस्तकं कोण वाचतं हो सर?" ग्रंथपाल तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि तिला जरा टरकूनच असत. ते नुसतेच हसत.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक ठेवून शिवलेल्या. त्या एकेका घडीला फर्मा म्हणतात. आजारी पुस्तक आलं की बाई आधी त्याचा पुठ्ठा काढायची, वाळलेला गोंद खरवडायची, जुना दोरा कापायची आणि फर्मे सुटे करायची. धड असलेले फर्मे टेबलावर राहत. घडीवर फाटलेल्यांना पातळ कागदाची पट्टी चिकटवून ती लाकडी शिकंज्यात दाबून ठेवी आणि वरचा स्क्रू आवळी. ते पुरते वाळेपर्यंत शिकंजा उघडायचा नाही, हा तिचा नियम होता. मग सगळे फर्मे आकड्यांप्रमाणे लावायचे आणि पुन्हा शिवायचे.

डबा खाताना जो फर्मा हाताशी असेल तो ती वाचायची. त्यामुळे तिचं वाचन जगावेगळं होतं. एखाद्याचं म्हातारपण आज वाचून व्हायचं, बालपण पुढच्या आठवड्यात, आणि लग्न कुठेतरी शिकंज्यात दबलेलं असायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने असं एकही पुस्तक तिने वाचलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. माणसं तरी आपल्याला पहिल्या पानापासून कुठे भेटतात, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलघेवडा माणूस. "आयुष्यभर लोकांना वर पोचवलं," तो सांगायचा, "पण एकालाही वर ठेवून आलो नाही." हा विनोद त्याने लग्नात केला होता आणि निवृत्तीच्या समारंभातही केला. लिफ्टवाला असून तो स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी एका सकाळी दूध घेऊन येताना तो दुसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसला. हृदय अशक्त झालं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाच गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. "असे पेशंट दहा-दहा वर्षं मजेत जगतात," ते म्हणाले, "काहींचं मात्र सांगता येत नाही." नवऱ्याने पहिलं वाक्य ऐकलं आणि तिने दुसरं.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. दुपारी तो पंख्याखाली आडवा झाला की ती स्वयंपाकघरातून चार-चार वेळा येऊन त्याची छाती हलते आहे ना ते बघायची. कामावरून परतताना जिन्यात ती दर मजल्यावर थांबायची. दाराशी पोचली तरी ती किल्ली लावत नसे. आधी कान देऊन आत खोकला किंवा रेडिओ ऐकू येतो का ते बघायची आणि मगच कुलूप उघडायची. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, लग्न होऊन तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीलाही नाही.

अशात एका वारलेल्या डॉक्टरांच्या घरून वाचनालयाला दोन पेट्या पुस्तकं भेट आली. त्यातली दहा-बारा मरणाविषयीची होती. म्हातारी माणसं कशी जातात, जाणाऱ्याजवळ कसं बसावं, मागे उरलेल्यांनी काय करावं, असं सगळं. डॉक्टरांनी ती इतकी वाचली होती की पानं हातात येत होती. ग्रंथपाल घुटमळले. "बाई, ही राहू देत का? तुमच्या घरी आधीच..."

"पुस्तकंच आहेत ना सर? ठेवा तिकडे."

पहिल्या दिवशी डबा तसाच राहिला. जे मनात आणायलाही ती घाबरत होती, ते इथे सरळ छापलेलं होतं, मथळे देऊन, आकडे घालून. श्वास कसा बदलतो, पावलं कशी गार पडतात. मरणाबद्दल असं भाजी निवडावी तसं लिहिता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिला रडू आलं आणि मग कित्येक महिन्यांनी मोकळं वाटलं. त्या दिवशी ती कुठेही न थांबता जिना चढली. मग काय, तिला त्या पुस्तकांची चटकच लागली. मुलांची गोष्टीची पुस्तकं कोपऱ्यात धूळ खात पडली आणि तीन महिने बाई फक्त मरणच शिवत होती.

घरातही फरक दिसायला लागला. फ्यूज कसा बदलायचा, गॅसची टाकी कशी लावायची, कुठली कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत, हे सगळं तिने नवऱ्याकडून शिकून घेतलं. तो बिचारा हौसेने शिकवत होता. पण हळूहळू ती त्याच्याकडे पुस्तकातून बघायला लागली. त्याने पानात अर्धं टाकलं की अन्नावरची वासना उडाली, अशी ती मनात नोंद करायची. तो लहानपणची गोष्ट सांगायला लागला की मन मागे वळलं. खरं तर त्या गोष्टी तो लग्न झाल्यापासून सांगत होता. एकदा तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "अगं, तू मला बघतेस की मोजतेस?"

 मुलगी सुट्टीला आली होती तीही म्हणाली, "आई, तू किती शांत झालीयेस. मला भीती वाटते तुझी."

थंडीत त्याला ताप भरला, छातीत कफ साठला आणि दवाखान्यात हलवावं लागलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. तो डोळे मिटून पडला होता, श्वास घरघरत होता. पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर ती बसली होती, आणि तिला वाटलं, हीच ती वेळ.

काय करायचं ते तिला ठाऊक होतं. त्याला दाखल केलं त्याच्या आदल्या दिवशीच तिने एका पुस्तकाचा सहावा फर्मा वाचला होता. जाणारा माणूस पुष्कळदा मागच्यांच्या काळजीने अडकून राहतो, असं त्यात लिहिलं होतं. अशा वेळी सर्वांत जवळच्या माणसाने त्याचा हात हातात घ्यावा आणि त्याला मोकळं करावं. कोणत्या शब्दांत करावं तेही दिलं होतं आणि तिथेच फर्मा संपला होता. ते शब्द तिने बसमध्ये मनातल्या मनात घोकले होते.

तिने त्याचा हात हातात घेतला. आवाज अजिबात थरथरला नाही. "अहो, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. आता माझी काळजी करू नका. मी नीट राहीन. तुम्ही निश्चिंत जा."

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. मग सलाईनचा हात कसाबसा वर नेऊन मास्क बाजूला केला.

"कुठे जाऊ?"

"काका, मास्क काढायचा नाही," म्हणत सिस्टर आली आणि तिने तो पुन्हा बसवला. त्याने मान भिंतीकडे वळवली. सहाव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी चालत टॅक्सीत बसला.

सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही म्हणतात. त्याने तिला एका अक्षराने दुखावलं नाही. उलट तो फार सभ्य झाला. "मी इथे बसलो तर चालेल ना?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसताना विचारायचा. भेटायला लोक आले की सांगायचा, "डॉक्टरांनी सोडायच्या आधी हिनेच मला सोडलं होतं." सगळे खो खो हसायचे आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. पुढे त्याने तो विनोद बंद केला. लिफ्टचाही बंद केला. हे जास्त वाईट होतं. हत्यारांची पिशवी त्याने जुन्या सहकाऱ्याला देऊन टाकली. गॅलरीतला दिवा गेला, नळ गळायला लागला, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तरी तो उठला नाही. "तुला येतं की आता सगळं," एवढंच म्हणाला. दिवा बदलणं तिला येत होतं, पण तिचा हात होईना. तिघांनी तसंच अंधारात चहा घ्यायचा, तो, ती आणि ते वाक्य.

महिन्याभराने ती पुन्हा कामावर गेली. शिकंजा ती सोडून गेली तसाच आवळलेला होता. स्क्रू सैल करून तिने आतले फर्मे काढले, आणि सातव्याच्या पहिल्याच ओळीवर तिची नजर पडली.

"मात्र हे शब्द उच्चारण्याची घाई कधीही करू नये. ज्याला अजून जगायचे आहे, त्याच्या कानी ते पडले तर त्याला तो निरोप वाटत नाही. आपण नकोसे झालो आहोत, असे त्याला वाटते." पुढे सविस्तर दिलं होतं. उपचार थांबवल्याचं डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे, खाणंपिणं सुटलं पाहिजे, आणि जाण्याची भाषा आधी त्याने स्वतः केली पाहिजे.

 लाजेने सांगायचं तर पहिल्यांदा तिला आनंदच झाला. दोष आपला नव्हता, शिकंज्याचा होता. एकवीस वर्षांत वाचनालयाचं चिटोरंही तिने घरी नेलं नव्हतं. त्या दिवशी तिने सातवा फर्मा पिशवीत घातला.

संध्याकाळी तिने तो नवऱ्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून पहिली दोन पानं सावकाश वाचली, पुन्हा पहिली ओळ वाचली.

"मग?"

"हा तेव्हा शिकंज्यात होता हो. हा मला मिळाला असता तर मी तसं बोललेच नसते."

"म्हणजे पुस्तकात होतं म्हणून बोललीस."

"हो ना."

"अगं, एकवीस वर्षं तू पुस्तकं वाचतेस. त्यात माणसं घर सोडून पळतात, एकमेकांना विष घालतात. त्यातलं काही कधी केलं नाहीस. हे मात्र लगेच केलंस."

 तिने फर्म्याची कड बोटाने सारखी केली आणि मग जे खरं होतं ते सांगून टाकलं. "मला भीती सोसत नव्हती. रोज दाराबाहेर उभी राहून तुमचा खोकला ऐकायचे. खोकला आला की किल्ली लावायचे. दोन वर्षं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असं वाटायला लागलं होतं. तुम्ही जावं असं नाही हो. भीती जावी."

"भीती आणि मी एकाच अंगात राहतो," तो म्हणाला. "त्याला मी काय करू?"

ती रडली. त्याने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. बऱ्याच वेळाने त्याने फर्मा तिच्या हातात दिला. "शिवून टाक हे. आणि अख्खं पुस्तक घेऊन ये. मी पहिल्या पानापासून वाचतो."

त्याने ते अकरा दिवसांत वाचलं, ओळीने, एकही पान न गाळता. रोज किती झालं ते ती चोरून बघत होती. हसतखेळत जगलेला माणूस तो. मरण म्हणजे त्याच्या लेखी एका विनोदाचा मालमसाला होता. पुस्तक मिटलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तुला हे वाचून धीर आला म्हणतेस?"

"आला होता."

"मला नाही आला. मला एवढंच कळलं, की मला जायचं नाहीये." हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. पुढे म्हणाला, "ऐक. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसाशी बोलत राहायचं, हा आमच्याकडचा नियम. शांत व्हा, घाबरू नका, असलं काही बोलायचं नाही. त्याने माणूस जास्त घाबरतो. आज जेवायला काय होतं, मुलाची परीक्षा कधी, असलं काहीही विचारायचं. बाहेर कोणीतरी आहे आणि ते रोजचंच बोलतंय, एवढं आतल्याला कळलं पाहिजे. मी एका बाईशी दीड तास नुसता उशांच्या अभ्र्यांवर बोललोय."

"बरं."

"पुढच्या वेळी मला जा म्हणू नकोस. राहिलेली कामं सांग. भांड हवं तर."

तिने मान डोलावली. त्याने तिला माफ केलं की नाही, हे तिला पुढेही कधी कळलं नाही. दुपारी झोपताना तो तिचा हात धरायला लागला, हे खरं. पण मधूनच एखाद्या दिवशी खुर्चीत बसताना तो विचारायचा, "चालेल ना?" आणि तिचा सगळा दिवस जायचा. गॅलरीतला दिवा दोघांनीही बदलला नाही. त्यावर कधी बोलणं झालं नाही, पण काम शिल्लक राहिलेलं बरं, असं दोघांनाही वाटत असावं.

चौदा महिन्यांनी त्याला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. या वेळी सातव्या फर्म्यातलं सगळं एकेक करून घडत गेलं. खाणं सुटलं. डॉक्टरांनी सलाईन काढायला सांगितलं आणि बाहेर बोलावून म्हणाले, आता तासांचा हिशोब धरा. सकाळी तो स्वतःच पुटपुटला होता, "आता काही खरं नाही गं." दुपारचे तीन वाजले होते. मुलगी पायथ्याशी उभी होती, डोळे सुजलेले. तिनेही फोनवर कुठेतरी वाचलं होतं. ती आईच्या कानाशी वाकली.

"आई, बाबांना सांग ना, निश्चिंत जा म्हणून. तसं सांगावं लागतं, नाहीतर माणूस अडकून राहतो."

सिस्टरनेही हळूच मान हलवली. बाईला ते वाक्य अजून पाठ होतं, शब्दन्‌शब्द. आता ते बोलायला कोणाची हरकत नव्हती, पुस्तकाचीसुद्धा नाही. जिभेवर आलंही. तिला भीती वाटली की आपण तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल. तिने त्याचा हात धरला.

"अहो," ती म्हणाली, "गॅलरीतला दिवा दीड वर्ष झालं तसाच आहे."

"आई, काय बोलतेस तू?" मुलगी म्हणाली.

"मी अंधारात कपडे काढते दोरीवरनं. तुमचे दोन रुमाल खाली उडून गेले, ते पहिल्या मजल्यावरच्या आजींनी पायपुसणं केलं त्यांचं. तुम्ही जाऊन मागणार होतात, मागितलेत? आणि ते घड्याळ. सव्वानऊ वाजलेत त्यात कधीपासून. सेल आणून ठेवलाय मी, कपाटाच्या वरच्या खणात आहे. हत्यारांची पिशवी दिलीत ना त्या मित्राला, ती परत आणा. माणूस स्वतःची हत्यारं असं कोणाला देऊन टाकतं का?" ती थांबली नाही. आवाज रोजचा ठेवला, सकाळी त्याला बाजारात पिटाळताना असायचा तोच, जरा कुरकुरा.

त्याचे ओठ हलले. ती वाकली, कान अगदी जवळ नेला.

"किती... बोलतेस."

"बोलणारच. ऐकून घ्या," ती म्हणाली, आणि पुढे सुरू झाली. दाराची कडी, तिची नीट न बसणारी खिट्टी, न्हाणीघराच्या खिडकीची फुटकी काच, माळ्यावरचा पंखा. मुलगी स्टूल ओढून आईला टेकून बसली होती. सिस्टरने येऊन त्याचं मनगट हातात घेतलं, तेव्हा ती नळाच्या वॉशरपर्यंत आली होती.